वाचा आणि श्रवण : एका सनदेची हकीकत

श्रोतेहो, कोर्टांत दुसऱ्याचा कज्जा चालवावयाचा असला तर वकिलाला सनद लागते. औषध देणाऱ्या डॉक्टराचें नांव सरकारी नोंदवहींत असावें लागतें. मोटार हांकणाराजवळदेखील परवाना असावा लागतो. या गोष्टी आपल्या इतक्या अंगवळणीं पडल्या आहेत कीं, त्यांचें नवल कोणासच वाटत नाहीं. परंतु एखादें मूल तीन वर्षांचें होऊनही बोलत नाहीं. एखाद्या तरुणाची जीभ पहिल्याच अक्षरापाशीं अडते. अर्धांगवायूनें अंथरुणास खिळलेल्या वृद्धाला समोर बसलेल्या मुलाचें नांव ओठांवर आणतां येत नाहीं. अशा वेळीं आपण ज्याच्याकडे धांव घेतों, त्याच्याजवळ कोणती सनद आहे हें आपण सहसा विचारीत नाहीं. वाणीचे दोष दूर करणाराला वाचा-उपचारतज्ज्ञ आणि ऐकण्याची शक्ति मोजणाराला श्रवणतज्ज्ञ म्हणतात. लोकांच्या बोलण्यांत स्पीच थेरपिस्ट आणि ऑडिऑलॉजिस्ट हेच शब्द रुळले आहेत. या दोन विद्यांच्या सनदेची हकीकत आज सांगावयाची आहे, आणि ती खानदेशच्या अंगानें सांगावयाची आहे. कारण सनद राजधानींत लिहिली जात असली, तरी तिचा कस जळगांव-धुळ्यासारख्या जिल्ह्यांतच लागतो.

वाणीचे दोष पारखण्याची दृष्टि आपल्याकडे फार जुनी आहे. पाणिनीय शिक्षेंत प्रत्येक वर्णाला कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ यांपैकीं आपापलें स्थान नेमून दिलेलें आहे. सुश्रुतानें वातव्याधींच्या प्रकरणांत मूक, मिन्मिण आणि गद्गद असे वाणीचे तीन विकार सांगितले आहेत. जो मुळींच बोलत नाहीं तो मूक, नाकांतून बोलतो तो मिन्मिण, आणि अडखळत, अक्षरें गाळीत बोलतो तो गद्गद. आपली लोकभाषाही या बाबतींत शास्त्रकारांहून मागें नाहीं. बोबडा, तोतरा, गेंगाणा, घोगरा या शब्दांपैकीं प्रत्येक शब्द निराळा दोष दाखवितो. बोबडेपणा बहुधा वयाचा, तोतरेपणा बोलण्याच्या ओघाचा, गेंगाणेपणा टाळूचा किंवा नाकाचा, आणि घोगरेपणा स्वरयंत्राचा. ज्या समाजानें इतकीं नांवें ठेवलीं त्याची पारख उणी होती असें कोण म्हणेल ?

पारख होती, उपाय मात्र तोकडे होते. जिभेला वेखंड उगाळून लावावें, मध चाटवावा, देवाला नवस बोलावा, येथपर्यंतच घरच्या माणसांची धांव. शिवाय एक मोठा गैरसमज पिढ्यान् पिढ्या चालत आला. मुक्या मुलाची जीभ अधू असते अशी समजूत होती. वस्तुतः अशा पुष्कळ मुलांची जीभ निरोगी असते. अधू असतो तो कान. जो शब्द कानीं पडला नाहीं तो जिभेनें उच्चारावा कसा ? म्हणूनच वाचा आणि श्रवण या दोन विद्या जुळ्या बहिणींसारख्या एकत्र वाढल्या, आणि त्यांची सनदही पुढें एकत्रच लिहिली गेली.

आपल्याकडे बहिऱ्यांसाठीं पहिली शाळा निघाली ती मुंबईस, १८८५ सालीं, बिशप लिओ म्यूरिन यांच्या पुढाकारानें. पुढें कलकत्त्यास १८९३ मध्यें अशीच शाळा सुरू झाली. हें काम शिक्षकांचें होतें. ओठ पाहून शब्द ओळखावयास लावणें, मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवून त्याला आवाजाचा कंप जाणवून देणें, आरशासमोर बसवून ओठांची ठेवण दाखविणें, असे त्यांचे कष्टाचे मार्ग. पण मुलाला किती ऐकूं येतें आणि कोणत्या पट्टींतलें ऐकूं येतें, हें मोजण्याचें अचूक साधन त्या काळीं त्यांच्यापाशीं नव्हतें, आणि समाजापाशीं अशा शिक्षकाची पात्रता ठरविण्याचें मापही नव्हतें.

आतां सनदांचा इतिहास पाहूं. या बाबतींत मुंबई इलाखा हिंदुस्थानांत अग्रेसर होता. डॉक्टरांची नोंदणी करणारा पहिला प्रांतिक कायदा मुंबईनें १९१२ मध्यें केला. वैद्य आणि हकीम यांची नोंदणीही मुंबईनेंच १९३८ च्या कायद्यानें आरंभिली. त्यानंतर मध्यवर्ती कायद्यांची रांग लागली : १९४७ मध्यें परिचारिकांचा, आणि १९४८ मध्यें दंतवैद्यांचा व औषधें तयार करून देणाऱ्या फार्मासिस्टांचा. म्हणजे दांत उपटणारा आणि पुडी बांधणारा, दोघेही नोंदवहींत आले. पण कान आणि वाचा सांभाळणारा बाहेरच राहिला. यांत कोणाची कुचराई होती असें नव्हे. सनद देण्यासाठीं आधीं विद्येला आकार यावा लागतो, आणि ही विद्या तेव्हां आकार घेत होती. तिचा थोडा भाग कान-नाक-घशाच्या शस्त्रवैद्यांकडे, थोडा बहिऱ्यांच्या शिक्षकांकडे, तर थोडा वक्तृत्व शिकविणारांकडे, असा विखुरलेला होता.

याचें ठळक उदाहरण विलायतेंत सांपडतें. सहावे जॉर्ज राजे होण्यापूर्वीं, ड्यूक ऑफ यॉर्क असतांना, बोलतांना फार अडखळत. १९२६ पासून त्यांना लिओनेल लोग या ऑस्ट्रेलियन गृहस्थांनीं शिकविलें. लोग हे वैद्य नव्हते. वाचा-उपचाराची कोणतीही पदवी त्यांच्यापाशीं नव्हती, कारण तशी पदवी सहजीं मिळण्याजोगी नव्हतीच. वक्तृत्वाचा अभ्यास आणि पहिल्या महायुद्धांतून वाचा बिघडून परतलेल्या सैनिकांवर केलेलें काम, हेंच त्यांचें भांडवल. १९३९ च्या सप्टेंबरांत युद्ध सुरू झालें तेव्हां त्याच राजांनीं रेडिओवरून साऱ्या साम्राज्याला संदेश दिला. लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट ही कीं, ज्यांना स्वतःला सनदेची गरज पडली नाहीं, त्याच लोग यांनीं १९३५ मध्यें वाचा-उपचारकांची ब्रिटिश संस्था उभारण्यास हात लावला. पुढें १९४५ मध्यें इंग्लंडांत या व्यवसायाचें स्वतंत्र कॉलेज निघालें. आपल्यासारखा गुणी माणूस दैवयोगानें भेटावा यावर रोग्यानें विसंबूं नये, हें त्या गुणी माणसानेंच ओळखलें होतें.

अमेरिकेंत १९२५ मध्यें या व्यवसायाची संघटना झाली. श्रवणशास्त्राला खरी चालना मिळाली ती दुसऱ्या महायुद्धानें. तोफांच्या आवाजानें बहिरे झालेले सैनिक इतके आले कीं, त्यांची श्रवणशक्ति मोजणें, त्यांना योग्य यंत्र निवडून देणें आणि त्या यंत्रानें ऐकावयास शिकविणें यासाठीं लष्करी रुग्णालयांत स्वतंत्र विभाग उघडावे लागले. रेमंड कारहार्ट यांच्यासारखे विद्वान त्या कामांतून पुढें आले. १९५२ मध्यें अमेरिकन संघटनेनें रोगी तपासण्याच्या पात्रतेचें प्रमाणपत्र सुरू केलें. ज्ञान आधीं, संघटना नंतर आणि सनद शेवटीं, असा हा क्रम सर्वत्र दिसतो. आपल्याकडेही तोच क्रम घडला. फक्त त्याला जास्त वर्षें लागलीं.

स्वतंत्र भारतांत या विद्येचें रीतसर शिक्षण १९६० नंतरच्या दशकांत सुरू झालें. मुंबईच्या नायर रुग्णालयांत व त्याला जोडलेल्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची सोय झाली. १९६५ मध्यें म्हैसूरला अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था स्थापन झाली. १९८३ मध्यें मुंबईस वांद्रें येथें अली यावर जंग यांच्या नांवानें राष्ट्रीय संस्था उघडली. हे जंग महाराष्ट्राचे राज्यपाल होते आणि त्या पदावर असतांनाच १९७६ मध्यें निधन पावले. या संस्थांतून पदवीधर बाहेर पडूं लागले. पण त्याच गांवांत, त्याच रस्त्यावर, दुसरा कोणी चार दिवसांत कांहींबाही शिकून 'वाचातज्ज्ञ' अशी पाटी लावूं लागला तर त्याला अडविणारा कायदा नव्हता.

तो कायदा आला १९९२ मध्यें. भारतीय पुनर्वसन परिषद ही १९८६ पासून एक नोंदणीकृत संस्था म्हणून काम करीत होती. संसदेच्या कायद्यानें तिला अधिकार मिळाले आणि २२ जून १९९३ पासून ती वैधानिक झाली. पुनर्वसन-व्यावसायिक कोणास म्हणावें याची जी यादी या कायद्यांत आहे, तिच्या अगदीं आरंभीं श्रवणतज्ज्ञ आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांचीं नांवें आहेत. कायद्याचें तेरावें कलम या सनदेचा गाभा होय. ज्याचें नांव परिषदेच्या केंद्रीय नोंदवहींत आहे त्यालाच सरकारी किंवा स्थानिक संस्थेच्या नोकरींत हें पद धारण करतां येतें. त्यालाच भारतांत कोठेंही हा व्यवसाय करतां येतो. अशा व्यावसायिकाची सही ज्या दाखल्यावर कायद्यानें लागते तेथें त्यालाच सही करतां येते. आणि न्यायालयांत या विषयाचा तज्ज्ञ म्हणून साक्षही त्यालाच देतां येते. नियम मोडणाराला एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. मात्र परिषदेनें अधिकार दिलेल्या व्यक्तीच्या लेखी फिर्यादीवांचून न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेत नाहीं. म्हणजे फसवल्या गेलेल्या बापाला या कायद्याखालीं स्वतः उठून खटला भरतां येत नाहीं. ढाल आहे, पण ती उचलणारा हात दूर आहे.

ही सनद मिळण्यास काय लागतें ? बारावीपर्यंत विज्ञान, त्यानंतर तीन वर्षांचें अध्ययन आणि एक वर्षाची आंतरवासिता, असा पदवीचा मार्ग आहे. कानाची व स्वरयंत्राची रचना, ध्वनीचें पदार्थविज्ञान, भाषाशास्त्र, मुलांच्या भाषेची वाढ, मानसशास्त्र असे विषय त्यांत येतात. आणि प्रत्यक्ष रोग्यांसमोर नेमलेले तास भरावे लागतात. पदवीनंतर परिषदेकडे नांव नोंदवावें लागतें, आणि तें ठराविक मुदतीनें नवें करून घ्यावें लागतें. त्यासाठीं मधल्या काळांत शिक्षण चालू ठेवल्याचा पुरावा द्यावा लागतो. एक वर्षाची पदविका घेतलेले सहायकही असतात. त्यांचें काम मोलाचें आहे, पण तें मर्यादित आहे. निदान करण्याचा अधिकार आणि जबाबदारी पदवीधराची. कानांत घालावयाच्या यंत्राचा साचा बनविणारा कारागीर हा आणखी निराळा. ग्राहकाला हे भेद ठाऊक नसतात, आणि यंत्र विकणारा दुकानदार ते सांगण्याच्या भानगडींत पडत नाहीं.

या भेदांत काय ठेवलें आहे असें कोणी विचारील, तर खानदेशांतील तीन माणसें डोळ्यांसमोर आणावीं. पहिलें, यावल तालुक्यांत केळीच्या बागेंत राबणाऱ्या कुटुंबांतलें बाळ. जन्मतः बहिऱ्या मुलाची श्रवणचांचणी पहिल्या महिन्यांत, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्याच्या आंत सुरू व्हावे, असा या शास्त्राचा आज दंडक आहे. कारण भाषा ग्रहण करण्याची मेंदूची तयारी पहिल्या कांहीं वर्षांतच सर्वांत अधिक असते. 'मामाही उशिरां बोलला होता' असें म्हणून घरच्यांनीं तीन वर्षें घालविलीं आणि नंतर अनधिकारी माणसानें दोन वर्षें जिभेचे व्यायाम करविले, तर पैसे भरून मिळतील. तीं पांच वर्षें मिळणार नाहींत. दुसरा, जिनिंग कारखान्यांत किंवा डाळमिलींत उभा जन्म काढलेला कामगार. सततच्या आवाजानें प्रथम ४००० आवर्तनांच्या आसपासची, म्हणजे बारीक पट्टींतली, श्रवणशक्ति जाते. माणसाला आवाज ऐकूं येतो, शब्द मात्र उमगत नाहीं. त्याला आलेख न काढतां एखादें यंत्र विकलें, तर सगळाच गलका मोठा होतो आणि दोन महिन्यांत तें यंत्र ट्रंकेंत जाऊन पडतें. तिसरा, अर्धांगानंतर वाचाघात झालेला वृद्ध. तो सगळें समजत असूनही बोलूं शकत नाहीं. घरचे त्याला भ्रमिष्ट समजतात. तो भ्रमिष्ट नाहीं हें सांगणें हाच कित्येकदां पहिला उपचार असतो, आणि तो सांगणारा जाणता असावा लागतो.

यांत दाखल्याचाही प्रश्न आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयींचा २०१६ चा कायदा दोन्ही कानांत ७० डेसिबल श्रवणदोष असलेल्यास बहिरा आणि ६० ते ७० डेसिबल असलेल्यास कमी ऐकणारा समजतो. शिष्यवृत्ति, नोकरींतील राखीव जागा, प्रवासाची सवलत, हें सारें त्या आंकड्यावर अवलंबून. आंकडा चुकला तर हक्क गेला, किंवा भलत्यालाच मिळाला. म्हणजे बहिऱ्याच्या प्रमाणपत्राचा खरेखोटेपणा शेवटीं मोजणाराच्या प्रमाणपत्रावर येऊन ठेपतो.

आतां अंतराचा विचार करूं. जळगांवाहून मुंबई रेल्वेनें सुमारें ४२० किलोमीटर. धुळेंकराला पूर्वापार चाळीसगांवचा फांटा धरून मुख्य लोहमार्गावर यावें लागे. कानांत शस्त्रक्रियेनें बसवावयाचें कॉक्लिअर इंप्लांट आज सरकारी योजनेंतून गरीब मुलांना मिळूं शकतें, आणि वांद्र्याची राष्ट्रीय संस्था त्या योजनेचें मध्यवर्ती केंद्र आहे. शस्त्रक्रिया कांहीं तासांत होते; पण त्या नव्या कानानें ऐकावयास शिकणें हें वर्षांचें काम आहे, आणि आठवड्यांतून दोन वेळां शिरपूरहून मुंबई कोण गांठणार ? धुळ्यास श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगांवचें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१८ मध्यें सुरू झालें. ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं आपल्याच राज्यांतील पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. अंगणवाडींतील व शाळेंतील मुलें तपासून दोष आढळलेल्यांना जिल्ह्याच्या केंद्राकडे धाडावें, आणि त्या केंद्रांत श्रवणतज्ज्ञ व वाचा-उपचारतज्ज्ञ असावा, अशी त्याची योजना आहे. ही योजना उत्तम आहे. परंतु कागदावरचें पद आणि खुर्चींत बसलेला माणूस यांत फरक असतो. सनदेनें अपात्राला दूर ठेवलें, आणि पात्र माणूस जिल्ह्यांत आलाच नाहीं, तर रिकाम्या जागीं पुन्हां तोच पाटीवाला येऊन बसतो. म्हणून सनदेचा कायदा आणि जिल्ह्याची नेमणूक हीं दोन्हीं चाकें बरोबर फिरलीं पाहिजेत.

आणि अंतर केवळ कोसांचें नसतें, तें बोलीचेंही असतें. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा खानदेशी आणि भिल्ली यांविषयींचा खंड १९०७ मध्यें निघाला, तेव्हांपासून या प्रदेशाची बहुविध वाणी विद्वानांना ठाऊक आहे. धुळ्याकडे अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यांत भिल्ली आणि पावरी. अहिराणींत 'मला' चें 'माले' होतें. पुण्याच्या पुस्तकांतला 'डोळा' येथें 'डोया' होतो, 'काळा' चा 'काया' होतो, 'पाणी' चें 'पानी' होतें. कांहीं भिल्ली बोलींत 'स' च्या जागीं 'ह' येतो. आतां कल्पना करा कीं, नवा पदवीधर पुण्या-मुंबईच्या शब्दांची यादी पुढें ठेवून मुलाला तपासतो आहे. चित्र दाखविल्यावर मूल 'डोया' म्हणतें. हा उच्चारदोष, कीं आईच्या तोंडची भाषा ? जो बोली जाणत नाहीं तो निरोगी मुलाला रोगी ठरवील. आणि उलट, जो प्रत्येक चूक बोलीच्या माथीं मारील तो खऱ्या रोग्याला घरीं पाठवील. त्याच मुलानें 'केळी' ला 'तेळी' म्हटलें, तर तो बोलीचा प्रकार नव्हे. तेथें वय पाहून विचार केला पाहिजे.

जळगांवच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितांवाचतां येत नव्हतें. त्यांच्या ओव्या पुत्र सोपानदेव व घरच्यांनीं उतरवून ठेवल्या म्हणून वांचल्या, आणि १९५१ मध्यें त्या निवर्तल्यावर पुढच्या वर्षीं पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाल्या. त्यांची वाणी पुण्याच्या फूटपट्टीनें मोजली असती, तर जागोजागीं दोषच निघाले असते. आणि आज येथील विद्यापीठाला त्यांचें नांव आहे. बोली आणि व्यंग यांतील भेद किती मोलाचा आहे, हें खानदेशाला दुसऱ्या कोणी शिकवावयास नको.

तात्पर्य, श्रोतेहो, या सनदेनें एक मोठें काम केलें आहे. वाचा आणि श्रवण हें अंदाजाचें क्षेत्र उरलें नाहीं. त्याला माप आलें, अभ्यासक्रम आला, नोंदवही आली. आपल्या घरीं प्रसंग आला तर तज्ज्ञाला त्याचा नोंदणीक्रमांक विचारावा; त्यांत संकोच नको आणि अपमान नाहीं. जो खरा सनदधारक आहे तो आनंदानें सांगेल. परंतु सनदेचें उरलेलें काम अजून व्हावयाचें आहे. ज्या जिल्ह्यांत सेवा करावयाची तेथील बोली ऐकण्याची, निदान तिचे नियम ओळखण्याची, तयारी हाही पात्रतेचा भाग समजला गेला पाहिजे. आणि अहिराणी, लेवा, पावरी बोलणाऱ्या घरांतलीं मुलेंमुली या अभ्यासक्रमांपर्यंत पोंचलीं पाहिजेत. ज्याच्या कानाला आजीची बोली परकी वाटत नाहीं, अशा माणसाच्या हातीं ही सनद जेव्हां येईल, तेव्हां सातपुड्याच्या पायथ्याचें मूल आपला पहिला शब्द आपल्याच भाषेंत बोलेल.